तावडेबाईंची प्रश्नचिन्हं

तावडेबाईंनी पहिल्याच भेटीत माझ्यापुढे चहा ठेवला आणि तो संपायच्या आत विचारलं, "तू मत कुणाला देतोस रे?"

मी हसलो. म्हटलं, "बाई, ते कसं सांगणार?"

"नाय ना सांगत? मग डोंगरावरची माणसं तुला कशाला सांगतील? तू त्यांचा कोण लागतोस?"

खरं म्हणजे ते काढून घेणं हीच माझी नोकरी होती. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका सर्वेक्षण कंपनीत मी कामाला होतो. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि एका पक्षाने आमच्या कंपनीला नेमलं होतं. कुठली जागा येईल, कुठली जाईल, याचा अंदाज दर आठवड्याला वर पाठवायचा. मी राहायला मुलुंडला, म्हणून जवळचं घाटकोपर माझ्या गळ्यात आलं. पक्षाच्या तिथल्या कार्यालयात ज्याला विचारलं तो एकच सांगे : "डोंगरावरच्या वस्तीचं काय ते तावडेबाईंना विचारा. पण जरा जपून."

बाई तेव्हा पासष्टीच्या पुढच्या. अंगाने बारीक, चालणं झपझप, खांद्याला कायम एक खाकी कापडी पिशवी. त्यांचं माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, नवरा गिरणी कामगार. तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली होती. बाई महापालिकेच्या दवाखान्यात आरोग्यसेविका होत्या. सगळी नोकरी त्याच डोंगरावर घरोघर फिरण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पक्षाने त्यांच्या हातात मतदार यादी दिली. तसं पक्षाचं काम त्या आधीपासूनच करत होत्या, फक्त आता उघडपणे करायला लागल्या.

संशय हा त्यांचा स्वभावच होता. घराला कुलूप लावून दहा पायऱ्या उतरल्या की परत वर जाऊन ते ओढून बघायच्या. कुणी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला की तो सुलटा करायला लावायच्या. कुणी "बाई, तुमच्याबद्दल फार ऐकलंय" म्हटलं की विचारायच्या, "कुणाकडून?" आणि नाव मिळाल्याशिवाय पुढे बोलत नसत. माझं नाव त्यांनी एकदा विचारलं, नंतर कधी वापरलं नाही. मला त्या 'कंपनी' म्हणायच्या. "ए कंपनी, चल, वर जायचंय."

त्यांच्यामागून डोंगर चढायला लागलो तेव्हा मला कळलं की मी पंधरा वर्षं जे काम करत होतो ते मला येत नव्हतं.

आमच्याकडे एक ठरलेली प्रश्नावली होती. सरकारच्या कामावर समाधानी आहात का, मत कुणाला देणार, मुख्यमंत्री कोण हवा. बाईंनी ती वाचली, पाठची बाजूही उलटून बघितली आणि घडी घालून मला परत दिली. त्या यातलं काहीच विचारत नसत. मतदान वीस तारखेला होतं, तर दारात उभ्या राहून म्हणत, "वीस तारखेला गावाला नाय ना जात?" किंवा "सून आली ना गं, तिचं नाव चढवलंस का यादीत?" समोरचं माणूस काय बोलतं यापेक्षा ते कसं उभं राहतं हे बघत. मग चार घरं पुढे गेल्यावर पिशवीतून यादी काढून पेन्सिलीने खूण करायच्या. आपलं मत असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. आणि जिथे मनाला खात्री पटत नसे तिथे बारीकसं प्रश्नचिन्ह.

एका घरात आमचं फार आगतस्वागत झालं. बसायला खुर्च्या दिल्या, सरबत दिलं. घरातली बाई म्हणाली, "तावडेबाई, तुम्ही सांगाल तिथे. आमची पाचही मतं तुमचीच." मी मनात पाच मतं जमा धरली. पुढच्या वळणावर बाईंनी यादी काढली आणि पाचही नावांवर फुली मारली.

"बाई, ती तर किती चांगलं बोलली."

"गेल्या निवडणुकीत हिने मला दारात अर्धा तास उभं करून ठेवलं होतं. नळाला पाणी नाय म्हणून भांडत होती. आणि मत आपल्याला दिलं होतं. आता सरबत देते." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "पोलिओचा डोस द्यायला फिरायचे ना मी, तेव्हा पण तसंच. 'दिला, दिला, कालच दिला' असं गोड बोलणारीच्या पोराची करंगळी बघायची. शाईची खूण नसायचीच. पोर दाराच्या मागे लपवलेलं असायचं. जी तोंडावर भांडायची, 'कशाला येता सारख्या' म्हणून ओरडायची, ती शेवटी पोराला घेऊन यायची. भांडणारं माणूस अजून आपल्याकडून काहीतरी मागत असतं रे. मागायचं सोडलं की मग ते गोड बोलतं."

त्या वर्षी डोंगर फारच गोड बोलत होता, आणि बाईंना तीच धास्ती होती.

डोंगराचं मागणं एकच होतं. वरच्या अंगाला दरड कोसळायची भीती होती, तिथे संरक्षक भिंत हवी होती. गेल्या निवडणुकीआधी आमदारसाहेबांनी नारळ फोडला, भिंत अर्धी उभी राहिली आणि तिथेच थांबली. त्यानंतर वर्षभर लोक बाईंना रस्त्यात अडवून भांडत होते. मग एकाएकी भांडायचे थांबले. "भिंतीचं नाव पण काढत नाय कोण," बाई एकदा मला म्हणाल्या. "माका ह्या बरा वाटणा नाय." त्या मालवणीत शिरल्या की समजायचं, गोष्ट मनाला लागली आहे.

साहेबांवर मात्र त्यांनी कधी प्रश्नचिन्ह ठेवलं नाही. साहेब त्याच डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत वाढले. पहिल्यांदा नगरसेवकपदाला उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे फक्त एक स्कूटर होती, आणि दवाखाना सुटल्यावर, अंधार पडला की मागच्या सीटवर त्यांची यादी घेऊन बाई बसायच्या. साहेबांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात बाई रोज इंजेक्शन द्यायला जात होत्या. "तो घरचा आहे," एवढंच म्हणत. एकदा मी मुद्दाम डिवचलं, "बाई, भिंत त्यांनीच अर्धी सोडली ना?" तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याला वरून निधी देत नाहीत." मला ते तेव्हाच खटकलं होतं. आख्खा डोंगर चाळून बघणाऱ्या बाई इथे मात्र डोळे मिटून घेत होत्या. पण मी कोण बोलणारा?

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एक मोठा पांढरा बोर्ड होता. त्यावर मधोमध लाल रेघ आणि रेघेवर आकडा, एकशे पंचेचाळीस. विधानसभेतल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी जागांमध्ये बहुमताला लागतो तो. रेघेच्या वर-खाली दर सोमवारी पक्षाचा आकडा लिहिला जाई. उन्हाळ्यात तो रेघेच्या बराच वर होता. स्वबळावर सरकार येणार म्हणून पक्षाने जुने मित्र दुखावले. गणपतीनंतर आकडा घसरायला लागला. रेघेला टेकला. मग जरा खाली गेला, आणि त्या दिवसापासून ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलू लागले.

आमचे कामतसर मला केबिनमध्ये बोलवून म्हणाले, "घाटकोपर इतकं वाईट कसं? तिकडे तर सेफ सीट होती."

मी बाईंच्या यादीची झेरॉक्स पुढे केली. डोंगरावर फुल्या होत्याच, पण जास्त होती ती प्रश्नचिन्हं.

"हे काय आहे?"

"खात्री नाही असा अर्थ."

"खात्री नाही म्हणजे विरोधात नाही ना? मग आपल्यात धर." सर माझ्याकडे बघत राहिले. "हे बघ, वरच्यांना निराशा नकोय. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहायला हवं. तुझं पण, माझं पण."

मी ती प्रश्नचिन्हं बरोबरच्या खुणांत घातली. एका दुपारात काम झालं. माझ्या शेजारी ठाण्याचं आणि नाशिकचं बघणारे दोघं बसायचे. त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही. पुढच्या सोमवारी बोर्डावरचा आकडा पुन्हा रेघेच्या वर गेला होता. टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या.

मग घाटकोपरच्या कार्यालयात बैठक झाली. साहेब, पंधरा-वीस कार्यकर्ते, कोपऱ्यात मी. आमच्या कंपनीचा अहवाल छापून सगळ्यांना वाटला होता. बाईंनी चष्मा लावून डोंगराचं पान काढलं, पिशवीतून आपली यादी काढली आणि बोट फिरवत दोन्ही बघत बसल्या. साहेब भाषण करत होते, यंदा मताधिक्य दुप्पट होणार म्हणून. बाई मध्येच उठल्या.

"साहेब, डोंगर गेलाय."

साहेब हसले. "बाई, अहवालात तर डोंगर आपलाच आहे."

"अहवाल कुणी केला ते मला माहीत नाय. डोंगर मी फिरलेय. भिंतीचं काम चालू करा, दहा दिवस तरी मजूर दिसू देत वरती, नाहीतर ही सीट जाते."

बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी केलंय हे त्यांना कळलं होतं, त्याबद्दल मला शंका नव्हती. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती.

त्या गेल्यावर खरी बैठक सुरू झाली. कुणी म्हणालं, बाईंचा भाचा समोरच्या उमेदवाराच्या प्रचारात दिसतो. कुणी म्हणालं, म्हातारीला कुणीतरी फिरवलंय. तिसऱ्याने सांगितलं की त्याला हे आधीपासूनच माहीत होतं. साहेबांनी कुणालाच अडवलं नाही. बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांच्याबरोबर फिरता ना? त्या कुणाला भेटतात, काय बोलतात, जरा लक्ष ठेवा."

मी नाही म्हणालो नाही. पुढचे आठ दिवस मी बाईंच्या मागून चढत होतो आणि संध्याकाळी साहेबांच्या सचिवाला फोन करत होतो. सांगण्यासारखं काहीच नसायचं. बाई घरोघर जात होत्या, बस. भाचा एकदा वाटेत भेटला, तर त्यालाही त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या उमेदवाराने भिंतीचं काय सांगितलं?" हेसुद्धा मी फोनवर सांगितलं. आठवड्याच्या शेवटी बाईंना मतदान केंद्रावरच्या पक्षाच्या एजंटपदावरून काढलं. निवृत्त झाल्यापासून प्रत्येक निवडणुकीत त्या खुर्चीवर त्याच बसत आल्या होत्या. कळवायला साहेब गेले नाहीत, दुसऱ्याच कुणाला तरी पाठवलं.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ये कंपनी. आज काय बघायला पाठवलंय?"

माझी मान खाली गेली. "बाई, तो अहवाल..."

"असू दे. बोललास तर मला परत वाटायला लागेल की खरं बोलतोयस का खोटं. उगाच डोक्याला ताप."

"आता तुम्ही काय करणार?"

"काय करणार म्हणजे? काम. सीट जाईल म्हटलं मी, घालवीन नाय म्हटलं."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरलो नाही. फुल्या सोडून दिल्या, फक्त प्रश्नचिन्हांची घरं धरली. त्या घरांत जाऊन पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचा शब्द दिला. "पक्षाकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. साहेब माझ्या शब्दाबाहेर नाय. भिंत झाली नाय तर मला येऊन विचार." ज्या बाई दुसऱ्याचं 'हो' कधी खरं मानत नसत, त्या दारोदार आपलं 'हो' वाटत होत्या. लोक ते घेत होते, कारण डोंगरावरच्या निम्म्या पोरांना त्यांनीच डोस दिले होते.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून त्या वर-खाली करत होत्या. घाडीआजोबा म्हणून एक होते, पंच्याऐंशीच्या पुढचे, एका पायात जोर नाही. त्यांना घरून मत देता आलं असतं, पण त्यांनी फॉर्म भरायला नकार दिला होता. "घरी येऊन माझं मत कोण नेणार, आणि नेऊन कुठे टाकणार, माका काय म्हायत?" बाईंना हे फारच पटलं. त्यांनी शेजारच्या चौघांना बोलावलं, आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि त्या उभ्या पायऱ्यांवरून खुर्ची खाली आणली. पुढे बाई, "सांभाळून रे, डावीकडून" असं ओरडत. मत देऊन आजोबा बाहेर आले आणि शाईचं बोट त्यांनी बाईंना दाखवलं. बाईंनी ते हातात धरून नीट पाहिलं. सवयच ती.

निकालात साहेब जेमतेम निवडून आले. डोंगराच्या केंद्रांची मोजणी शेवटी झाली आणि तिथल्या मतांनीच ते तरले. बाकी राज्यात आमच्या बोर्डाची पार वाट लागली. पक्ष बहुमताच्या रेघेखाली राहिला, समोरचेही खालीच, पण ते जरा जवळ. मधल्या तीन-चार अपक्षांची नावं दोन्ही बाजू आपली म्हणून घेत होत्या. घाटकोपरला तरी गुलाल उडाला. साहेब मिरवणुकीतून उतरून बाईंच्या पाया पडले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भिंत." साहेब म्हणाले, "पहिलं काम तेच."

आठवडाभर सरकार बनेना. कोण कुणाला फोडतंय याच्या बातम्या दिवसभर चालू. पक्षाच्या कार्यालयात एकमेकांचे फोन तपासायचेच काय ते बाकी होते. बाईंना कुणी विचारलं, "आपला साहेब कुठे जाणार नाही ना?" तर त्या त्याच्यावरच उखडल्या. "बाकी कुणाचं सांगत नाय मी. ह्याचं सांगते."

मग एका सकाळी साहेबांचा फोन बंद लागला. दुपारी टीव्हीवर बातमी आली. साहेबांनी आणि आणखी काही आमदारांनी राजीनामे दिले होते. थेट तिकडे गेले असते तर पक्षांतरबंदीच्या कायद्यात अडकले असते, म्हणून राजीनामे. सभागृहातली माणसंच कमी झाली, बहुमताचा आकडा खाली आला आणि समोरच्यांना होती तेवढ्या माणसांत सरकार बनवता आलं. आम्ही वर्षभर बोर्डावरचा पक्षाचा आकडा रेघेकडे ओढत होतो. ह्यांनी रेघच खाली आणली. पोटनिवडणुकीत साहेब समोरच्या पक्षाकडून उभे राहणार, हेही ठरलेलं होतं. चारच दिवसांत समोरच्या पक्षाने त्या पोटनिवडणुकीचं काम आमच्याच कंपनीला दिलं, तेव्हा मला हे सगळं किती आधी ठरलं असेल याचा अंदाज आला. कामतसरांना मी तसं विचारलं. ते म्हणाले, "तू तुझं घाटकोपर बघ."

साहेबांच्या नव्या कार्यालयात मी कागद घेऊन गेलो होतो, त्याच दिवशी बाई तिथे आल्या. खाकी पिशवी खांद्याला. साहेब खुर्चीतून उठले, पुन्हा पाया पडायला वाकले. बाई मागे सरकल्या.

"बाई, विकासासाठी गेलो. सत्तेत असल्याशिवाय निधी मिळत नाही. भिंत आता नक्की होते की नाही बघा."

"मिरवणुकीच्या दिवशी ठरलं होतं का?"

"कसलं?"

"जायचं. ठरलं होतं का तेव्हाच?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "राजकारणात असं एका दिवशी ठरत नसतं बाई."

बाईंनी मान हलवली. "चाळीस घरांना मी शब्द दिला होता. रविवारी वर ये. तू स्वतः सांग त्यांना. माझ्याच्याने नाय व्हायचं." त्यांनी साहेबांना 'तू' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. स्कूटरच्या दिवसांत म्हणत असतील.

साहेब म्हणाले, नक्की येतो.

रविवारी मी डोंगराखाली जाऊन उभा राहिलो. मला कुणी पाठवलं नव्हतं, पण हे बाईंना सांगून पटलं नसतं, म्हणून बोललो नाही. साहेब आले नाहीत. दहापासून साडेअकरापर्यंत बाईंनी वाट पाहिली. फोन केला नाही. मग पदर खोचला आणि एकट्याच चढायला लागल्या. मी मागून गेलो.

प्रत्येक घरासमोर थांबून त्या तेच सांगत होत्या. "मी तुला शब्द दिला होता. तो खोटा निघाला. मी फसले, आणि तुला फसवलं." काही घरांत आवाज चढले. एका बाईने, "आता परत तोंड दाखवू नका," असं म्हटलं आणि दार लोटलं. काहींनी नुसतं ऐकून घेतलं, ते बघवत नव्हतं. बाईंनी कुठेच सफाई दिली नाही, साहेबांचं नावही घेतलं नाही. चढताना त्यांना दम लागत होता. मी पिशवी मागितली तर दिली नाही.

घाडीआजोबांचं घर सगळ्यात वर, जवळजवळ शेवटचं. ते दारातच बसले होते. बाईंनी सांगितलं. आजोबांना नीट ऐकू येत नसे, म्हणून मोठ्याने पुन्हा सांगितलं. शेजारपाजारचे ऐकत होते.

आजोबा म्हणाले, "त्याने राजीनामो दिल्यान, म्हणजे तो आता आमदार नाय."

"नाय."

"मग माझा मत खय गेला?"

बाई उभ्याच होत्या. त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

"म्हायत नाय," त्या म्हणाल्या.

आजोबा सरकले आणि त्यांनी शेजारी जागा करून दिली. बाई बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. खालून कुठल्या तरी लग्नाच्या लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. मग बाईंनी मान वळवून मला पाहिलं.

"तू जा रे आता," त्या म्हणाल्या.

मी उतरायला लागलो. बाईंना मी पाहिलं ते शेवटचं.